सीटीवरून फुफ्फुसाची मोजणी : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

गेल्या अंकात सीटीवरून फुफ्फुसाची मोजणी या विषयावर पानभर नोंद होती. नेहमीच्या सीटीत रेडिओलॉजिस्ट डोळ्यांनी चित्र वाचतो. मोजणीच्या सीटीत त्याच चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचा आकडा घेऊन फुफ्फुसाच्या कुठल्या भागात किती हवा येते-जाते याचा हिशेब मांडतात, एवढाच तिचा सारांश. त्यावर कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांतून बरीच पत्रं आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांना छातीविकार आणि रेडिओलॉजी या दोन्ही बाजूंच्या मंडळींनी मिळून उत्तरं दिली आहेत. कोणाच्याही रिपोर्टवर इथे निदान केलेलं नाही.

माझी स्पायरोमेट्री झाली आहे. एफईव्ही-वन (पहिल्या सेकंदात जोराने फुंकलेली हवा) ५४% आला. आता डॉक्टर सीटी सांगतात, तोही एकदा श्वास भरून आणि एकदा सोडून. फुंकून चाचणी झालीच आहे, मग सीटीने वेगळं काय कळणार?
— एक वाचक, राजारामपुरी

फुंकण्याच्या चाचणीत दोन्ही फुफ्फुसांतली हवा एकाच नळीतून बाहेर पडते आणि आकडा येतो तो सगळ्यांचा मिळून. दूध संस्थेत सगळ्यांचं दूध एकाच कॅनमध्ये ओतून फॅट काढलं, तर फॅट कमी लागलं एवढं कळेल. पाणी कोणाच्या घरून आलं ते कळणार नाही. तुमचे ५४% एकाच लोबचं (फुफ्फुसाच्या पाच कप्प्यांपैकी एकाचं) वाटोळं झाल्यामुळे आहेत की सगळीकडे थोडं थोडं बिघडल्यामुळे, हे स्पायरोमेट्री सांगू शकत नाही. इन्हेलर ठरवायला पुष्कळदा तेवढं पुरतं. ऑपरेशन, व्हॉल्व्ह, रेडिएशन असा एका भागापुरता उपचार करायचा असेल, किंवा लक्षणं आणि आकडा यांचा मेळ बसत नसेल, तेव्हा ‘कुठे’ या प्रश्नाला किंमत येते.

सीटीच्या चित्रातला प्रत्येक ठिपका म्हणजे खरं तर एक लहानसा ठोकळा असतो, साधारण ०.७ × ०.७ × १ मिमीचा. पाच लिटरच्या फुफ्फुसात असे कोटभर ठोकळे बसतात. प्रत्येकाला मशीन घनतेचा आकडा देतं. त्या एककाला सीटीचे जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचं नाव आहे, बोलताना नुसतं एचयू. पाणी शून्य, हवा उणे १०००. त्यामुळे फुफ्फुसातला ठोकळा उणे ८५० असेल तर त्यात ढोबळमानाने ८५% हवा, बाकी १५% ऊती आणि रक्त.

दोनदा सीटी का, ते याच हिशेबात आहे. श्वास सोडलेल्या स्थितीत फुफ्फुसाचा १०० मिलीचा तुकडा घ्या, घनता उणे ७००. म्हणजे ७० मिली हवा, ३० मिली ऊती-रक्त. श्वास भरल्यावर तोच तुकडा उणे ८६० झाला, तर ते ३० मिली आता १४% झाले. तुकडा फुगून २१४ मिलीचा झाला, आत आलेली हवा ११४ मिली. शेजारचा दुसरा तुकडा सोडलेल्या श्वासात उणे ८८० आणि भरलेल्या श्वासात उणे ९२०. त्यात ऊती फक्त १२ मिली, तुकडा १०० चा १५० मिली होतो, आत येते ती ५० मिली. दिसायला दुसरा तुकडा हवेने जास्त भरलेला, पण काम निम्म्याहून कमी. नुसत्या भरलेल्या श्वासाच्या सीटीवर हे कळलं नसतं. श्वास भरताना छातीत थोडं जास्तीचं रक्तही ओढलं जातं, म्हणून हा हिशेब मिलीलिटरपर्यंत काटेकोर नसतो; दोन भागांची तुलना करायला मात्र चांगला चालतो.

सासूबाईंचं वय ६२. विडी-तंबाखू कधी नाही. आयुष्य चुलीपुढे गेलं, शिवाय हंगामात गुऱ्हाळावर. जिना चढला की धाप लागते. एचआरसीटीत (बारीक छेदांच्या सीटीत) ‘एम्फिसेमा नाही’ असं आलं. मग दम कशाने?
— एक वाचक, राधानगरी

जळण, शेणी, पाचट यांच्या धुराने बिघडलेलं फुफ्फुस आणि सिगारेटने बिघडलेलं फुफ्फुस सीटीवर बहुधा वेगळं दिसतं. सिगारेटवाल्यात हवेच्या पिशव्यांच्या भिंती मोडतात, म्हणजे एम्फिसेमा ठळक असतो. चुलीच्या धुरात मार जास्त बसतो तो बारीक श्वासनळ्यांवर. या नळ्या २ मिमीपेक्षा लहान असतात आणि कुठल्याही सीटीत थेट दिसत नाहीत. ‘एम्फिसेमा नाही’ हा रिपोर्ट खरा असूनही धाप खरी असू शकते.

बारीक नळ्यांचा त्रास पकडायचा तो अडकलेल्या हवेवरून. त्यासाठी दोन खुणेचे आकडे वापरतात. श्वास पूर्ण भरलेल्या चित्रात उणे ९५० च्या खाली गेलेला ठोकळा म्हणजे एम्फिसेमा. श्वास सोडलेल्या चित्रात उणे ८५६ च्या खाली राहिलेला ठोकळा म्हणजे बाहेर पडायला हवी होती ती हवा अडकली. मग सॉफ्टवेअर दोन्ही चित्रं एकमेकांवर बसवतं. श्वास सोडल्यावर छाती-पोटामधला पडदा काही सेंटिमीटर वर सरकतो, सगळ्या रक्तवाहिन्या जागा बदलतात, त्यामुळे एक चित्र ताणून-आवळून दुसऱ्यावर आणावं लागतं. एकदा बसलं की प्रत्येक ठोकळ्याला दोन आकडे मिळतात. दोन्ही खुणांच्या वर असेल तो हिरवा, ठीक. दोन्हींच्या खाली तो लाल, एम्फिसेमा. भरलेल्या श्वासात ठीक पण सोडलेल्या श्वासात हवा धरून बसलेला तो पिवळा, म्हणजे बारीक नळ्यांचा आजार. ही पद्धत अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या गटाने २०१२ मध्ये मांडली. रिपोर्टात ‘पीआरएम’ (पॅरामेट्रिक रिस्पॉन्स मॅपिंग) असं लिहिलेलं आढळेल.

सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारण्यासारखा प्रश्न एवढाच : झालेला एचआरसीटी फक्त श्वास भरून केला होता का? तसं असेल तर पिवळा भाग दिसायला वावच नव्हता. पण उतारवयात थोडा पिवळा निरोगी माणसातही येतो, आणि आकड्याच्या आधी स्पायरोमेट्री झालेली असावी. ती झाली नसेल तर दुसऱ्या सीटीच्या खर्चात पडण्याआधी ती करा. चूल बंद करणं, किमान धुराला वाट देणं, हे कुठल्याही रिपोर्टची वाट न बघता करायचं.

आमच्या सेंटरवर १६ स्लाइसचं मशीन आहे. छातीचे एक डॉक्टर श्वास सोडलेला सीटी मागतात आणि निम्मे परत पाठवतात, ‘श्वास नीट सोडलेला नाही’ म्हणून. सेटिंग काय ठेवावं, आणि बरोबर आला की नाही हे पेशंट टेबलावर असतानाच कसं ओळखावं?
— एक टेक्निशियन, कोल्हापूर

प्रश्न नेमका आहे. या तपासणीत सगळ्यात जास्त वाया जातं ते इथेच.

आधी सेटिंग. काँट्रास्ट द्यायचा नाही, आयोडीनने घनता वाढते आणि सगळे आकडे सरकतात. किरणांचा दाब १२० केव्ही ठेवा आणि पुढच्या वेळीही तेच. १०० वर गेलात तर जुन्या सीटीशी तुलना गेली. मोठ्या अभ्यासांत किरणांची मात्रा भरलेल्या श्वासाला २०० एमएएस आणि सोडलेल्याला ५० एमएएस वापरले आहेत. सोडलेल्या श्वासाला कमी चालतं, कारण तिथे एवढी बारीक नक्षी बघायची नसते. स्लाइस १ मिमी, फार तर १.२५. रिकन्स्ट्रक्शन दोन करा (केर्नल म्हणजे कच्च्या डेटातून चित्र घडवण्याची गणिती चाळण) : एक लंग केर्नलवर, डोळ्यांनी वाचायला, आणि एक सॉफ्ट किंवा स्टँडर्ड केर्नलवर, मोजणीला. हे त्याच दिवशी करायचं. कच्चा डेटा कन्सोलवर थोडेच दिवस टिकतो, तो पुसला गेला की केर्नल बदलता येत नाही आणि पेशंटला पुन्हा झोपवावं लागतं.

आता श्वास. मशीनमध्ये भरलेला आवाज एकदा ‘साँस लो, रोको’ म्हणतो आणि मोकळा होतो. गगनबावड्याहून आलेल्या सत्तरीतल्या आजोबांना तेवढ्यात ना पूर्ण श्वास घेता येतो ना त्यांना तो आवाज नीट समजतो. तो बंद करा आणि माइकवरून स्वतः बोला. त्याआधी टेबलाशेजारी उभं राहून दोन-तीन वेळा करवून घ्या, पेशंटच्या बरगड्यांवर हात ठेवून. भरण्यासाठी : ‘दोन साधे श्वास घ्या. आता खोल घ्या. घ्या, घ्या, अजून घ्या. धरा.’ सोडण्यासाठी : ‘खोल घ्या. आता सोडा. सोडा, सोडा, पोट आत घ्या, अजून सोडा. संपला? तसंच थांबा.’ ‘थांबा’ म्हटल्यावर लगेच स्कॅन सुरू व्हायला हवा. सोडलेला श्वास धरून ठेवणं भरलेल्यापेक्षा फार अवघड असतं, दमेकरी पेशंटला तर पाच-सहा सेकंदांतच जीव घाबरा होतो. तुमच्या मशीनवर पूर्ण छातीला साधारण दहा-बारा सेकंद जात असतील, म्हणून सोडलेला श्वास खालून वर स्कॅन करा. पडद्याजवळचा भाग सगळ्यात जास्त हलतो, तो आधी उरकतो. शेवटी पेशंटने श्वास घेतलाच तर वरच्या टोकाला नुकसान कमी होतं.

बरोबर आला की नाही, ते एका स्लाइसमध्ये कळतं. श्वासनलिका छातीत शिरल्यानंतरचा, महाधमनीच्या कमानीजवळचा छेद काढा. नलिकेला पुढून आणि बाजूंनी कूर्चेचा कडक भाग, मागची भिंत मात्र मऊ पडद्याची. भरलेल्या श्वासात ती भिंत मागे फुगते आणि नलिका गोल दिसते. श्वास नीट सोडला असेल तर ती भिंत पुढे येते, सपाट होते किंवा आतच वळते, नलिकेचा आकार चंद्रकोरीसारखा होतो. सोडलेल्या सीटीतही नलिका गोलच दिसली तर पेशंटने श्वास धरून ठेवला आहे, सोडलेला नाही. त्याला उतरवू नका. पाच मिनिटं बसू द्या, समजवा आणि एकदाच पुन्हा करा. तिसऱ्यांदा करू नका. त्या पेशंटचं ते जमणार नाही असं रिपोर्टात लिहा.

दुसरी पडताळणी आकड्याची. भरलेल्या सीटीतलं फुफ्फुसाचं आकारमान वजा सोडलेल्यातलं, हे स्पायरोमेट्रीतल्या एफव्हीसीच्या (पूर्ण भरून जोराने सोडलेल्या एकूण हवेच्या) जवळपास यायला हवं. झोपून केल्यामुळे थोडं कमी येईल. एफव्हीसी २.४ लिटर आणि सीटीत फरक ०.९ लिटरच असेल, तर दोनपैकी एक श्वास फसला आहे. त्या जोडीवर पिवळा-लाल नकाशा छापून देणं म्हणजे कागद खराब करणं.

मशीनचं रोजचं एअर कॅलिब्रेशन आणि पाण्याच्या फँटमची (पाणी भरलेल्या नमुन्याची) तपासणी टाळू नका. श्वासनलिकेच्या मधोमध छोटं वर्तुळ टाकून बघा, आकडा उणे १००० च्या जवळ आला पाहिजे. तो वीसएक युनिट सरकला असेल, तर उणे ९५० ची रेषही सरकली. सॉफ्टवेअरने आखलेल्या फुफ्फुसाच्या कडाही एकदा नजरेखालून घाला. जुन्या टीबीने आवळलेला पांढरा वरचा लोब सॉफ्टवेअर बिनदिक्कत फुफ्फुसाबाहेर टाकतं, आणि मग उरलेलं फुफ्फुस कागदावर ठणठणीत निघतं.

मुलगा २३ वर्षांचा, तालमीत मेहनत करतो, उंची सहा फूट. खोकल्यासाठी सीटी केला तर कॉम्प्युटरच्या रिपोर्टात ‘एम्फिसेमा ११%’. स्पायरोमेट्री नॉर्मल. घरात सगळे घाबरले आहेत.
— एक वाचक, शाहूपुरी

निदान त्याला तपासलेल्या डॉक्टरांकडूनच घ्या, पण हा ११% कुठून येऊ शकतो ते सांगतो. पहिली शक्यता, मोजणी लंग केर्नलच्या चित्रावर झाली. लंग केर्नल कडा धारदार करतं आणि त्याबरोबर चित्रात रवाही, म्हणजे दाणेदारपणा, वाढवतं. समजा फुफ्फुसाची खरी घनता सगळीकडे उणे ८६० आहे. सॉफ्ट केर्नलवर रव्यामुळे आकडे साधारण २५ युनिट इकडे-तिकडे होत असतील, तर उणे ९५० च्या खाली जवळपास कुणीच जात नाही. तोच रवा ७५ युनिटचा झाला की शंभरातले अकरा-बारा ठोकळे नुसत्या गोंधळापोटी रेषेखाली जातात. फुफ्फुसाला काहीही झालेलं नसताना! रिपोर्टवर केर्नलचं नाव नसेल तर सेंटरला विचारा आणि सॉफ्ट केर्नलवर पुन्हा मोजायला सांगा. कच्चा डेटा असेल तर नव्या सीटीची गरज नाही. दुसरी, अशा मुलाचा पूर्ण श्वासच एवढा मोठा असतो की फुफ्फुस ताणून घनता उतरते. खरा एम्फिसेमा असेल तर त्याचे काळे डाग डोळ्यांनीही दिसायला हवेत, म्हणून रेडिओलॉजिस्टने चित्र स्वतः पाहून काय लिहिलं आहे ते वाचा.

शिरोलीच्या फाउंड्रीत २२ वर्षं फेटलिंगला (ओतीव घासून साफ करायला) आहे. एक्स-रेत सिलिकोसिसची शंका. सीटीच्या मोजणीत ‘सरासरी घनता उणे ८३०, नॉर्मल’ असं आलं. मग सिलिकोसिस नाही असं समजायचं का?
— एक वाचक, शिरोली

नाही. सरासरीवर विसंबून हा निष्कर्ष काढायचा नाही.

वाळूच्या बारीक धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसमध्ये एकाच फुफ्फुसात दोन उलट गोष्टी चालतात. गाठींमुळे काही जागा घट्ट होतात, घनता वाढते. गाठी एकत्र येऊन आवळू लागल्या की आजूबाजूचं फुफ्फुस ताणलं जातं, फाटतं, तिथे एम्फिसेमा होतो आणि घनता घटते. बेरीज-वजाबाकी होऊन सरासरी जिथल्या तिथे. म्हणून सरासरी न बघता वाटप बघायचं : किती टक्के ठोकळे उणे ९५० च्या खाली, किती टक्के उणे ६०० ते उणे २५० या घट्ट पट्ट्यात, आणि हे दोन्ही कुठल्या लोबमध्ये. सिलिकोसिस वरच्या भागात जास्त बसतो, त्यामुळे वरचा तिसरा हिस्सा वेगळा मोजून खालच्याशी ताडला की चित्र उघडं पडतं. झोपून केलेल्या सीटीत पाठीकडचा भाग वजनाने तसाही दाटतो, तो या घट्ट पट्ट्यात चुकून मोजला जातो. शंका असेल तर पालथं झोपवून काही स्लाइस घेतात. दाटलेलं मोकळं झालं तर ते वजनाचं होतं, तसंच राहिलं तर आजाराचं.

बारीक गाठी मोजण्यात हे तंत्र तसं कच्चंच आहे. दोन-तीन मिमीची गाठ आणि आडवी कापलेली रक्तवाहिनी यांत आकड्याला फरक कळत नाही, डोळ्याला कळतो. तुमच्या बाबतीत वजन आहे ते कामाच्या इतिहासाला : किती वर्षं, कुठल्या खात्यात, शेक-आउटला (वाळूचे साचे फोडायला) होता का, शॉट ब्लास्टिंगचं केबिन बंद होतं का. हे सगळं डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घ्या. सिलिकोसिस हा कायद्याने कळवण्याच्या आजारांच्या यादीतला आजार आहे, म्हणजे निदान झालं की डॉक्टरांनी तो कळवायचा असतो. थुंकीची टीबीसाठी तपासणीही करून घ्या. सिलिकोसिसच्या फुफ्फुसात टीबीचा धोका जास्त असतो.

साखर कारखान्यात चिपाडाच्या गंजीवर काम. हंगामात ताप-खोकला, बंद काळात बरं. सीटीत ‘मोझॅक’ लिहिलंय.
— एक वाचक, कागल

बुरशी धरलेल्या चिपाडाची धूळ काही जणांच्या फुफ्फुसाला मानवत नाही. सोडलेल्या श्वासाच्या सीटीत पांढरट, करडे आणि काळे असे तीन छटांचे तुकडे मोझॅक फरशीसारखे शेजारी-शेजारी दिसले, आणि काळे तुकडे श्वास सोडूनही काळेच राहिले, तर त्या दिशेने संशय बळावतो. आकडेमोड इथे दुय्यम. काम बदलल्यावर उतार पडतो का, हे जास्त बोलकं.

वडिलांना उजव्या वरच्या लोबचा कॅन्सर आहे. एफईव्ही-वन १.६ लिटर, त्यांच्या वयाच्या मानाने ६२%. सर्जन म्हणतात लोब काढता येईल पण ‘उरलेलं किती चालेल ते मोजून बघू’. ते कसं मोजतात?
— एक वाचक, इचलकरंजी

सोपा हिशेब तुकड्यांचा आहे. दोन्ही फुफ्फुसांत मिळून १९ सेगमेंट धरतात : उजवीकडे वरच्या लोबमध्ये ३, मधल्यात २, खालच्यात ५, डावीकडे वरच्यात ५, खालच्यात ४. उजवा वरचा लोब गेला तर १९ पैकी १६ उरतात. १.६ गुणिले १६ भागिले १९, म्हणजे १.३५ लिटर. तुमच्या वडिलांचं १००% म्हणजे साधारण २.६ लिटर होतं, त्याच्या तुलनेत ५२%.

या हिशेबात सगळे सेगमेंट सारखेच काम करतात असं गृहीत आहे. फुफ्फुस निरोगी असेल तर ते चालतं. ज्याला आधीच एम्फिसेमा आहे त्याच्या बाबतीत हेच गृहीतक अंगाशी येतं, आणि तिथे सीटीची मोजणी कामाला येते. सॉफ्टवेअर लोबांच्या मधल्या भेगा ओळखून पाचही लोब वेगळे करतं. मग फक्त उणे ९१० ते उणे ५०० मधले ठोकळे ‘कामाचे’ धरतात. त्यापेक्षा हलके ते एम्फिसेमाचे, त्यापेक्षा जड ते गाठीचे किंवा दबलेल्या भागाचे, दोन्ही वगळायचे. समजा असं कामाचं फुफ्फुस एकूण २८०० मिली भरलं, आणि त्यातलं उजव्या वरच्या लोबमध्ये फक्त १७० मिली आहे, कारण तो आधीच पोखरलेला आहे. मग लोब काढून ६% च जातं, उरतात १.५ लिटर, म्हणजे ५८%. आता उलट धरा. पोखरलेला भाग खाली आहे आणि कॅन्सरचा लोबच चांगला, त्यात ७०० मिली. मग जातं २५%, उरतात १.२ लिटर, ४६%. एकाच स्पायरोमेट्रीतून ४६ ते ५८ एवढा पल्ला पडतो.

पुढे काय? अमेरिकेतल्या छातीतज्ज्ञांच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ऑपरेशननंतरचा अंदाजे एफईव्ही-वन आणि वायुविनिमयाची डीएलसीओ क्षमता दोन्ही ६०% च्या वर असतील तर जोखीम कमी. कुठलाही एक ३० ते ६० मध्ये आला तर जिना चढण्याची किंवा शटल चालण्याची साधी चाचणी. जिन्यात २२ मीटर उंची, म्हणजे साधारण सात मजले, किंवा शटलमध्ये ४०० मीटर जमलं की पुढे जाता येतं. ३० च्या खाली असेल तर सायकल किंवा ट्रेडमिलवरची पूर्ण तपासणी. म्हणजे वरचे तिन्ही आकडे तुमच्या वडिलांना जिन्यापर्यंतच नेतात. सीटीचा उपयोग सर्जनला किती निर्धास्त राहायचं हे ठरवायला. डीएलसीओ केली आहे का ते जरूर विचारा, पुष्कळ ठिकाणी ती राहून जाते.

गाठीने नळी दाबून लोब बसलेला असेल तर मात्र हा हिशेब फसतो. बसलेल्या भागाचं काम आत्ता शून्य दिसतं, तो काढल्याने श्वास घटत नाही, उलट कधी सुधारतोही.

दीड वर्षापूर्वी सिगारेट सोडली. तेव्हाच्या सीटीत एम्फिसेमा ८%, आता ११%. सोडून उपयोग काय झाला?
— एक वाचक, गारगोटी

पुन्हा ओढू नका, आधी हे वाचा. चालू सिगारेटवाल्याच्या फुफ्फुसात सूज असते, त्यामुळे घनता थोडी वाढलेली असते आणि एम्फिसेमा कमी मोजला जातो. सोडल्यावर सूज ओसरते, घनता उतरते, तेच जुने मोडलेले भाग आता रेषेखाली जातात. सिगारेट सोडल्यानंतरची ही उडी ओळखीची आहे आणि ती आजार वाढल्याची खूण नाही.

दुसरं, श्वास. तुमच्या फुफ्फुसात ऊती-रक्त मिळून ८०० ग्रॅम आहेत असं धरा. ५ लिटर भरून सीटी केला तर घनता लिटरला १६० ग्रॅम, साडेचार लिटरच भरले तर १७८. अर्ध्या लिटरच्या चुकीने १८ ग्रॅमचा फरक. घनता एका वर्षात खरोखर किती उतरते? झपाट्याने वाढणारा जो जन्मजात प्रकार आहे, अल्फा-वन अँटिट्रिप्सिनच्या कमतरतेचा, त्यातसुद्धा वर्षाला लिटरमागे साधारण दोन ग्रॅम. म्हणून दोन सीटींतला टक्का ताडण्याआधी दोन्हींचं आकारमान रिपोर्टात बघायचं. ते लिहिलेलं नसेल तर तुलनेला अर्थ नाही. मशीन, केर्नल, स्लाइसची जाडी, इन्हेलर घेतल्यानंतरचा वेळ, हेही तेच हवं.

आणि हौसेने दरवर्षी करू नका. कमी डोसचा एक छातीचा सीटी १ ते २ मिलिसिव्हर्ट, नेहमीचा ५ ते ७. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतात. घाबरण्याएवढं नाही, पण फुकटही नाही.

कोविडात एचआरसीटी स्कोअर २५ पैकी १४ होता. तीच ही मोजणी का?
— एक वाचक, पन्हाळा

नाही. तो स्कोअर डोळ्यांनी दिलेला. पाच लोब, प्रत्येकाला ० ते ५, बेरीज २५ पैकी. फुफ्फुसाचा किती भाग आजाराने व्यापला याचा तो अंदाज होता. हवा किती खेळते हे त्यात नव्हतं. तो १४ आता कुठल्याही निर्णयाला वापरायचा नाही.

ड्युअल एनर्जी सीटीत (दोन वेगळ्या ऊर्जांच्या किरणांनी काढलेल्या) फुफ्फुसाचा रंगीत नकाशा मिळतो. तोही हाच का?
— एक वाचक, ताराबाई पार्क

तो रक्ताचा नकाशा. शिरेतून दिलेलं आयोडीन फुफ्फुसात कुठे पोचलं ते त्यात दिसतं. हवा कमी जाते तिथे शरीर रक्तही कमी पाठवतं, त्यामुळे हवेबद्दल तो आडून थोडं सांगतो. गुठळीचा संशय असेल तर उपयोगी. उजव्या वरच्या लोबमधला काळा डाग सावधपणे वाचावा लागतो : शेजारच्या मोठ्या शिरेत घट्ट काँट्रास्ट साचला की त्याची सावली पडते आणि रक्त नसल्याचा भास होतो. मागून सलाईनचा झोत दिला की ती बरीच कमी होते. काँट्रास्ट द्यायचा म्हणून किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आधी बघून घ्या.

एम्फिसेमासाठी दुर्बिणीतून व्हॉल्व्ह बसवतात म्हणे. भाऊ ६८ वर्षांचा, ऑक्सिजनवर. सीटी पाठवला तर कळेल का बसेल की नाही?
— एक वाचक, जयसिंगपूर

बरंच कळतं. व्हॉल्व्ह एकेरी झडप असते, हवा बाहेर सोडते, आत घेत नाही. सगळ्यात खराब लोबच्या नळ्यांत ती बसवली की तो लोब आवळतो आणि शेजारच्या बऱ्या लोबला फुगायला जागा मिळते. सीटीत तीन गोष्टी मोजतात. लोब पुरेसा खराब आहे का. बऱ्याच ठिकाणी उणे ९१० च्या खालचे ठोकळे निम्म्याहून जास्त असावे लागतात. शेजारचा लोब त्या मानाने बरा आहे का. आणि दोन लोबांमधली भेग पूर्ण आहे का, हे सगळ्यात महत्त्वाचं. भेग अर्धवट असेल तर शेजारच्या लोबमधून हवा मागच्या दाराने आत येत राहते, व्हॉल्व्ह बसूनही लोब आवळत नाही. भेग ९५% च्या वर पूर्ण असेल तर चांगलं. ८० ते ९५ मध्ये असेल तर आधी दुर्बिणीतून फुग्याने नळी बंद करून हवा येते का ते तपासतात. ८० च्या खाली बहुतेक जण हा मार्ग सोडतात.

पाठवायचं काय, इथे लोक अडकतात. फिल्म चालत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो तर नाहीच. त्यांत एचयूचे आकडे राहिलेले नसतात. सेंटरवरून डायकॉम फाइल्स (सीटीची मूळ डिजिटल चित्रं) मागा, सीडी किंवा पेन ड्राइव्हवर, सगळ्या पातळ स्लाइससह. ५ मिमीच्या स्लाइसवर भेग मोजता येत नाही. सोबत स्पायरोमेट्री, आरव्ही-टीएलसीचा (श्वास सोडून उरणाऱ्या आणि पूर्ण भरून मावणाऱ्या हवेचा) रिपोर्ट, सहा मिनिटं चालण्याची चाचणी आणि रक्तातल्या वायूंची तपासणी. हे सगळं न बघता कोणी ‘बसेल’ म्हणत असेल तर दुसरं मत घ्या. धोकाही विचारून ठेवा : अभ्यासांत सुमारे चारात एकाला व्हॉल्व्हनंतर फुफ्फुस फाटून छातीत हवा साचली, बहुतेकांना पहिल्या काही दिवसांतच. म्हणून निदान तीन रात्री दवाखान्यात ठेवतात, आणि घरी सोडल्यावरही अचानक छातीत कळ येऊन दम वाढला तर एक्स-रे निघेल अशा जागी लगेच पोचता आलं पाहिजे. जयसिंगपूरहून रात्री कुठे जायचं, ते आधीच ठरवून ठेवा.